ब्लड कॅन्सरची भीती नवरा-बायकोने मिळून कशी हाताळावी : नव्याने निदान झालेल्या जोडप्यांसाठी मार्गदर्शन

नवरा किंवा बायको यांपैकी एकाला ब्लड कॅन्सर झाल्याचे कळते, तेव्हा घाबरणारी माणसे दोन असतात आणि दोघांची भीती सारखी नसते. आजारी माणसाला वेदनांची, परावलंबी होण्याची आणि मृत्यूची धास्ती असते. जोडीदाराला मागे एकटे उरण्याची, पैसा संपण्याची आणि आपल्या हातून काही चूक होऊन रुग्णाला जंतुसंसर्ग होईल याची चिंता लागून राहते. एकमेकांना जपायचे म्हणून दोघेही यातले काही बोलत नाहीत. रात्री दोघे जागे असतात आणि दोघेही झोपेचे सोंग घेऊन पडून राहतात. निदान होऊन काही दिवस किंवा काही आठवडेच झालेल्या अशा जोडप्यांसाठी हा लेख आहे.

भीती मनातून पूर्णपणे घालवणे हे उद्दिष्ट ठेवू नका, कारण ते साधत नाही आणि साधले नाही की त्याची निराळी खंत लागते. भीती दोघांना एकमेकांसमोर मोकळेपणाने बोलून दाखवता आली, तिच्यातला जो भाग कामात बदलता येतो तो बदलता आला आणि उरलेल्या भागाचे ओझे दोघांनी मिळून उचलले, एवढे पुरे आहे. पुढच्या पायऱ्या साधारण त्या क्रमाने दिल्या आहेत. मात्र तुमच्या घरी त्यातली एखादी आधी येईल, एखादी लागणारही नाही.

पहिली पायरी : आजाराचे पूर्ण नाव दोघांनी एकत्र ऐका

‘ब्लड कॅन्सर’ या दोन शब्दांखाली अनेक निरनिराळे आजार येतात आणि त्यांच्यापासून असलेला धोका सारखा नसतो. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारात उपचार काही दिवसांतच सुरू करावे लागतात आणि पहिल्या टप्प्यातच जवळपास महिनाभर रुग्णालयात काढावा लागतो. त्याच गटातल्या एपीएल (अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) या प्रकारात पहिले काही दिवस रक्तस्रावाचा धोका फार मोठा असतो, पण तो टप्पा पार झाला की बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणजे सीएमएल हा एके काळी अतिशय घातक मानला जाणारा आजार होता. २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली आणि तो रोज गोळी घेऊन आटोक्यात ठेवता येणारा आजार झाला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटचा अर्ज फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. याउलट क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया आणि काही संथ लिम्फोमांमध्ये (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरांमध्ये) डॉक्टर सुरुवातीला ‘सध्या काहीच करायचे नाही, फक्त लक्ष ठेवू’ असे सांगतात. हे ऐकून सुटकेऐवजी अधिकच घाबरायला होते. अशा वेळी थांबणे हाच उपचाराचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, हे दोघांनीही डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवे.

आपल्याकडे या आजाराची भीती बऱ्याच अंशी जुन्या हिंदी चित्रपटांतून आलेली आहे, जिथे नायकाला ब्लड कॅन्सर झाला की शेवट ठरलेला असे. त्यानंतरच्या काळात उपचार फार पुढे गेले आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये देशातले पहिले बोन मॅरो ट्रान्सप्लांट (अस्थिमज्जा रोपण) झाले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून तयार झालेल्या, रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरविरुद्ध वापरणाऱ्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. म्हणून शेजारच्या काकांचे किंवा आतेभावाचे वीस वर्षांपूर्वी काय झाले, हे तुमच्या आजाराचे भाकीत होऊ शकत नाही.

करायचे ते असे. एक जाड वही घ्या. ओपीडीत दोघांनी एकत्र जा; एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने लिहायचे हे बाहेर बाकावर बसल्या बसल्याच ठरवा, कारण घाबरलेल्या मनात ऐकलेले फार थोडे टिकते. चार प्रश्न पहिल्या पानावर लिहून न्या. आजाराचे पूर्ण नाव काय? उपचार बरे करण्यासाठी आहेत की आजार ताब्यात ठेवण्यासाठी? पुढच्या तीस दिवसांत नेमके काय होणार? आणि कोणत्या तक्रारीसाठी रात्री-अपरात्रीही फोन करायचा, तो कोणत्या क्रमांकावर? घरी आल्यावर वही दोघांनी पुन्हा वाचा आणि ज्या ओळीचा अर्थ दोघांना वेगवेगळा लागला असेल तिच्यावर खूण करा. पुढच्या भेटीचा पहिला प्रश्न तोच. माहिती शोधायची असेल तर दिवसा, एकत्र बसून आणि आजाराच्या नेमक्या नावानेच शोधा. मध्यरात्री एकट्याने मोबाइलवर वाचलेले मनाला घोर लावण्यापलीकडे काही करत नाही.

दुसरी पायरी : ‘त्यांना सांगू नका’ हे थांबवा

डॉक्टरांच्या खोलीतून रुग्ण बाहेर पडल्यावर जोडीदाराने पुन्हा आत जाऊन ‘डॉक्टर, ह्यांना प्लीज सांगू नका’ असे हात जोडून म्हणणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. हेतू प्रेमाचाच असतो. पण रुग्ण परळच्या फलकावर रुग्णालयाचे नाव वाचतो, शेजारच्या खाटेवरच्यांशी बोलतो, केस गळताना पाहतो. त्याला कळलेले असते. मग आपल्याला कळले आहे हे तोही लपवतो आणि ज्या माणसाजवळ सगळ्यात मोकळे व्हायचे त्याच्याशीच नाटक सुरू होते.

१९९१ मध्ये जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेले पुरुष आणि त्यांच्या पत्नी यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवऱ्याला त्रास नको म्हणून स्वतःची काळजी दडवून ठेवण्याचे प्रमाण ज्या पत्नींमध्ये जास्त होते, त्यांचा स्वतःचा मानसिक त्रासही जास्त असल्याचे त्यांना आढळले. आजार वेगळा असला तरी ब्लड कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या कोणत्याही बायकोला किंवा नवऱ्याला हे पटेल.

याचा अर्थ सगळे एका दमात सांगून टाकायचे असा मुळीच नाही. किती जाणून घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार आजारी माणसाचा आहे, आणि कमी जाणून घेण्याचाही. म्हणून आधी विचारा. ‘अहो, रिपोर्टमध्ये काय आलं ते तुम्हाला सगळं ऐकायचंय, की पुढे काय करायचं तेवढंच?’ असा साधा प्रश्न पुरतो. उत्तर ‘आत्ता नको’ असे आले तर ते मान्य करा आणि ‘वाटेल तेव्हा विचारा, मी खोटं सांगणार नाही’ एवढे आश्वासन द्या. नंतर ते मोडू नका. मुलांनाही वयाला झेपेल तेवढे खरे सांगा. आई-बाबा कुजबुजतात म्हणजे आपलेच काही चुकले असणार, अशी लहान मुलांची समजूत सहज होते.

तिसरी पायरी : भीतीसाठी रोजची वेळ ठरवा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी पायरी ही आहे. भीतीला वेळ ठरवून दिली नाही तर ती चोवीस तास घरभर वावरते, आणि मग डाळीत मीठ जास्त पडल्यावरून किंवा औषधाची पट्टी सापडत नाही म्हणून भांडण होते. दोघांनाही ठाऊक असते की भांडण मिठाचे नाही.

दिवसातली वीस मिनिटे ठरवा. संध्याकाळच्या चहानंतरची वेळ बहुतेकांना सोयीची जाते. झोपण्याच्या आधीची मात्र टाळा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रत्येकाने आधी एक आकडा सांगायचा : शून्य म्हणजे अजिबात धास्ती नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. कॅन्सरच्या रुग्णांचा मानसिक ताण मोजण्यासाठी डॉक्टर अशीच शून्य ते दहाची पट्टी वापरतात आणि चार किंवा त्याहून वरच्या आकड्याकडे गांभीर्याने पाहतात. आकड्याचा फायदा असा, की ‘कसं वाटतंय?’ याला ‘ठीक आहे’ म्हणून निसटणारा माणूसही ‘आज सात’ एवढे बोलतो. विशेषतः पुरुष. आयुष्यभर मनातले बोलायची सवय नसलेल्या नवऱ्याकडून एकदम भाषणाची अपेक्षा ठेवू नका. आकडा आणि एक वाक्य पुरे.

त्यानंतर एकाने दहा मिनिटे बोलायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, मग उलट. ऐकणाऱ्याने उपाय सुचवायचा नाही, दिलासा द्यायची घाई करायची नाही, ‘असं काही बोलू नकोस’ म्हणून तोंड बंद करायचे नाही. हे दिसते त्यापेक्षा फार अवघड आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकरी जोडप्याला पहिले तीन-चार दिवस काहीच जमले नव्हते. मग एका संध्याकाळी बायको म्हणाली, ‘तुमचा ताप मोजताना माझा हात थरथरतो. माझ्या हातून काही चुकलं तर?’ आणि नवरा म्हणाला, ‘आणि मला वाटत होतं, तू माझ्यावर चिडलीयस.’ त्याला तिच्या गप्प राहण्याचा अर्थ राग असा लागला होता. असे गैरसमज मोकळे व्हायला वीस मिनिटे पुरेशी असतात.

काही वाक्ये पहिल्यापासूनच वर्ज्य करा. ‘पॉझिटिव्ह राहा, सगळं ठीक होईल’ हे त्यातले पहिले. आनंदी राहिल्याने ल्युकेमिया बरा होतो आणि रडल्याने वाढतो असे काही नसते. पण हे वाक्य सतत ऐकणारा रुग्ण आपल्या वाईट दिवसांसाठी स्वतःलाच दोषी धरू लागतो. त्याऐवजी ‘मलाही भीती वाटतेय, पण मी इथेच आहे’ एवढे म्हणा, ते खरेही असते. वीस मिनिटे संपली की उठा आणि हाताला काम द्या : भाजी निवडा, अंगणात चार फेऱ्या मारा, मुलांचा गृहपाठ घ्या. आणि एखाद्या दिवशी दोघांनाही बोलावेसे वाटले नाही तर शेजारी नुसते बसा.

चौथी पायरी : जी भीती कामात बदलता येते ती बदला

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमन १९९० च्या दशकापासून असे मांडत आले आहेत, की जोडप्यातल्या एकावर आलेला ताण हा दोघांचा ताण असतो आणि तो वाटून घेण्याचे मार्ग शिकता येतात. वाटून घेण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे कामे.

जंतुसंसर्गाची भीती घ्या. किमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, खाली जातात; जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा ५०० च्या खाली गेला की साधा ताप ही आणीबाणी असते. म्हणून थर्मामीटर उशाशी ठेवा आणि तापमान ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दिसले तर तत्काळ रुग्णालयात फोन करा. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. गोळीने ताप झाकला जातो, संसर्ग नाही. दाराजवळ एक पिशवी भरून ठेवा : फाइल, चालू औषधांची यादी, आधार कार्ड, चार्जर, थोडी रोकड, दोन जोड कपडे. रिक्षावाल्याचा किंवा रात्री गाडी काढू शकेल अशा शेजाऱ्याचा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहा. ताप आल्यावर काय करायचे हे अगोदर ठरलेले असले की जोडीदाराला रात्री दर तासाला उठून रुग्णाच्या कपाळाला हात लावून पाहावे लागत नाही.

रक्ताची आणि प्लेटलेटची सोय हे दुसरे काम. रक्तगट, रुग्णालयाची रक्तपेढी आणि गावातल्या, कंपनीतल्या, गणेश मंडळातल्या इच्छुक दात्यांची यादी करा आणि ती सांभाळायचे काम घराबाहेरच्या एखाद्या विश्वासू मित्राला द्या. इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पुढे ट्रान्सप्लांट करावे लागण्याची शक्यता असेल तर भाऊ-बहीण, आई-वडील अशा रक्ताच्या नात्यातल्यांचे रक्त चढवणे टाळावे, असे सांगितले जाते. धावत आलेल्या दिराला परत पाठवणे अवघड वाटते, म्हणून हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. आणि जोडीदाराच्या मनातला एक सल इथेच काढून टाका : नवरा-बायकोची बोन मॅरो सहसा जुळत नाही, कारण ते जुळणे आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवर अवलंबून असते. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाशी पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एक एवढीच असते. ‘मी काहीच देऊ शकत नाही’ हे दुःख पुष्कळ जोडीदार मनातच ठेवतात.

एक सावधगिरी मात्र हवी. काळजी घेणारा हळूहळू पहारेकरी होतो. हात धुतलेस का, ते फळ का खाल्लेस, पाहुण्यांना आत का घेतलेस, असे दिवसभर चालू राहते आणि आजारी माणसाला आपण घरातले कर्ते आहोत की कैदी, असा प्रश्न पडतो. नियम कोणते आणि ते कधीपर्यंत, हे रुग्णालयातल्या नर्सकडून लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. मग आठवण कागद करून देतो. रुग्णाला झेपतील ती कामे, जसे बिले भरणे किंवा औषधांच्या डबीत गोळ्या लावणे, त्याच्याच हाती राहू द्या.

पाचवी पायरी : रिपोर्टच्या दिवसांचा नियम करा

आजकाल रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी मोबाइलवर येतो. दुपारी तीन वाजता पीडीएफ वाजते, भेट दुसऱ्या दिवशी अकराला असते आणि मधले सगळे तास लाल अक्षरातल्या आकड्यांकडे बघण्यात जातात. त्यावर जोडीदाराने गुपचूप उघडून चेहरा पाडला, की न बोलताच सगळे सांगितले जाते.

म्हणून नमुना देण्याच्या दिवशीच ठरवा : दोघे मिळून उघडणार, की ओपीडीत बसल्यावरच? दोन्ही योग्य आहे, फक्त दोघांचे एक असावे. उघडायचे ठरले तर आधी वही काढा आणि डॉक्टरांनी या टप्प्यावर काय अपेक्षित आहे असे सांगितले होते ते वाचा. किमोनंतर पडलेले काउंट म्हणजे आजार परत आला असे नसते. सीएमएलमध्ये साधारण दर तीन महिन्यांनी होणाऱ्या तपासणीतला आकडा थोडा वर-खाली होऊ शकतो. एका आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची. बोन मॅरोच्या रिपोर्टला काही दिवस लागतात आणि ते दिवस सगळ्यात जड जातात. त्या काळात मोठे निर्णय, घरातले समारंभ आणि पैशांचे हिशेब शक्यतो ठेवू नका.

सहावी पायरी : औषध कधी बोलते आहे ते ओळखा

मायलोमा (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर), लिम्फोमा आणि अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचारांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडे दिली जातात. त्यांनी झोप उडते, चिडचिड वाढते, माणूस रात्री दोनला कपाट आवरायला घेतो. आणि डोस संपला की एक-दोन दिवस गळून जातो, डोळ्यांत पाणी येते. हे आधी माहीत नसेल तर जोडीदाराला वाटते की आजाराने माझा माणूसच बदलला, आणि रुग्णाला स्वतःचीच भीती वाटू लागते.

कॅलेंडरवर स्टेरॉइडच्या दिवसांवर आणि पुढच्या दोन दिवसांवर रंगीत खूण करा. त्या दिवसांत वादाचे विषय काढायचे नाहीत, आणि बोलले गेलेले कठोर शब्द मनावर घ्यायचे नाहीत. गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र अपमान किंवा मारहाण सहन करत राहणे हा यावरचा उपाय नव्हे. वागणे हाताबाहेर जात असेल, नसलेले दिसत किंवा ऐकू येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो.

सातवी पायरी : स्पर्श सोडू नका

कॅन्सर स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी झोपल्याने होत नाही. तरीही निदानानंतर खाटा वेगळ्या होतात, ताट-वाटी वेगळी होते आणि कुणीही तसे ठरवलेले नसते. काउंट खाली असताना गर्दी आणि सर्दी-खोकला असलेली माणसे टाळायची असतात. निरोगी जोडीदाराने धुतलेल्या हातांनी हात धरणे टाळायचे नसते.

शरीरसंबंधांबाबत डॉक्टरांना थेट विचारा. त्यांना हा प्रश्न नवा नसतो. प्लेटलेट किंवा न्यूट्रोफिल फार कमी असताना थांबायला सांगतात. किमोच्या काळात गर्भधारणा टाळणे आवश्यक असते आणि किमोनंतरचे काही दिवस निरोध वापरायला सांगतात. थकव्यामुळे इच्छा कमी होणे हा उपचाराचा परिणाम आहे, प्रेम आटल्याचा पुरावा नव्हे. हे वाक्य दोघांपैकी कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवे. मूल हवे असलेल्या जोडप्यांनी हा विषय किमो सुरू होण्याआधी काढावा. पुरुषाचे वीर्य गोठवून ठेवायला एक-दोन दिवस पुरतात. स्त्रीबीजे गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि अक्यूट ल्युकेमियात तेवढी उसंत बहुधा नसते. ती संधी हुकली तर त्याचे दुःखही दोघांचे आहे, त्याला तिसऱ्या पायरीतल्या वीस मिनिटांत जागा द्या.

ट्रान्सप्लांटच्या काळात रुग्ण काही आठवडे वेगळ्या खोलीत असतो. तेव्हा रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा आणि त्यात आजाराशिवाय एखादा विषय असू द्या : शेतातला ऊस, मुलीची परीक्षा, सोसायटीतली पाण्याची तक्रार, काहीही.

आठवी पायरी : नातेवाइकांना सीमा आखा

चौकशीचे फोन थकवतात. बातमी देण्याचे काम एका माणसाकडे सोपवा आणि आठवड्यातून एकदा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी टाकायला सांगा. कुणी सुचवलेला काढा, भस्म किंवा चूर्ण डॉक्टरांना न दाखवता घेऊ नका; काही वनस्पती किमोच्या औषधांचा परिणाम बदलतात आणि यकृताला इजा करतात.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की आजही काही घरांत सुनेचा पायगुण काढला जातो किंवा पत्रिकेतला दोष सांगितला जातो. त्या वेळी नवऱ्याने, तो खाटेवर असला तरी, ‘हिच्यामुळे काही झालेलं नाही, पुन्हा असं बोलू नका’ असे स्पष्ट सांगणे हे त्याच्याच हातचे काम आहे. आणि बायको आजारी असते तेव्हा उलटे घडताना दिसते : तिला माहेरी पाठवले जाते, उपचार खर्चीक म्हणून रेंगाळतात, किंवा तीच ‘माझ्यावर इतका पैसा घालू नका’ म्हणते. या वाक्यामागे बहुतेक वेळा ओझे होण्याची भीती असते. तिला उत्तर द्यायचे ते हिशेबाने द्या, नुसत्या ‘वेडी आहेस का’ने नव्हे.

नववी पायरी : पैशाची भीती दिवसा, कागदावर

पैशाच्या भीतीसाठी आठवड्यातला वेगळा तास ठेवा. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच आठवड्यात भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना विचारा. मुंबईत राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेत सवलत मिळते. खर्चाचा कागद समोर असला की भीतीला निदान आकार येतो.

दहावी पायरी : मरणाचा विषय निघाला तर

तो निघणार. आजारी माणूस ‘माझ्यामागे तू काय करशील?’ म्हणाला, तर विषय बदलू नका. ‘तुमच्या मनात काय येतं ते सांगा’ म्हणा. बँकेतली नावे, विम्याची कागदपत्रे, सातबारा, मोबाइलचे पासवर्ड हे एका दुपारी नीट लावून ठेवा. कागद लावले म्हणून मरण जवळ येत नाही. आजार पुढे गेलाच तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधी लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्यता दिली आहे आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली आहे. वेदना आणि धाप आटोक्यात ठेवणारी पॅलिएटिव्ह केअर ही शेवटच्या दिवसांसाठीच असते, हा समज चुकीचा आहे. ती उपचार चालू असतानाही मागता येते.

अकरावी पायरी : दोघांच्या पलीकडची मदत कधी घ्यावी

दोन आठवड्यांहून अधिक झोप नाही, जेवण नाही, दारू वाढली आहे, आकडा रोज सातच्या वर आहे, किंवा दोघांपैकी कुणाच्याही तोंडी जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा आहे, अशा वेळी बाहेरची मदत घ्या. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग असतो. ओपीडीतल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी मागा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला गेला तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. जोडीदाराने स्वतःच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या आणि तपासण्या चुकवू नयेत. त्यासाठी आठवड्यातून एक दुपार नणंदेने, मेहुण्याने किंवा शेजाऱ्याने रुग्णाजवळ बसावे, असे हक्काने मागा.

बारावी पायरी : उपचार संपल्यानंतर

शेवटच्या किमोनंतर पेढे वाटले जातात आणि पंधरा दिवसांनी काळजी घेणारा कोलमडतो. इतके दिवस त्याला घाबरायलाही सवड नसते, म्हणून त्याची भीती उशिरा वर येते. रुग्णाने हे ओळखून आता ऐकणाऱ्याची जागा घ्यावी. संध्याकाळची वीस मिनिटे लगेच बंद करू नका. आठवड्यातून दोनदा करा.

आजार परत येण्याची भीती दोघांत निरनिराळ्या तऱ्हेने दिसते. एकाला सगळे विसरून कामावर जायचे असते, दुसरा रोज मानेवरच्या गाठी चाचपून पाहतो. कोण बरोबर, यावर वाद घालण्यापेक्षा एक नियम करा आणि तो डॉक्टरांकडून तपासून घ्या. ताप, न थांबणारा रक्तस्राव, अंगावर उमटलेले लाल-जांभळे ठिपके, नवी गाठ, रात्री कपडे भिजवणारा घाम यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी कळवायचे. बाकीचे दुखणे-खुपणे तारखेसह वहीत लिहायचे, आठवडाभर पाहायचे आणि तरीही टिकले तर फोन करायचा. तपासणीच्या दिवशी सोबत कोण जाणार, मुलांना शाळेतून कोण आणणार आणि रिपोर्ट कसाही आला तरी दुपारी कुठे जेवायचे, हे आदल्या रात्री ठरवून ठेवा.